फाइल एक, प्रती चार: घरच्या संगणकावर आपोआप होणाऱ्या दुबार फाइलींचे मूळ कसे शोधावे

लक्षणे

‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडल्यावर एकाच दाखल्याच्या चार-पाच फाइली दिसतात आणि त्यांच्या नावापुढे कंसात १, २, ३ असे आकडे असतात. डेस्कटॉपवर कुणी मुद्दाम न करताही ‘कॉपी’ असे शेपूट लागलेल्या फाइली उगवतात. शिवजयंतीच्या चित्ररथांचे किंवा घरच्या लग्नाचे तेच फोटो तीन फोल्डरांत तीन नावांनी सापडतात. ‘डॉक्युमेंट्स’ या नावाचे दोन फोल्डर असतात, त्यांतला एक भरलेला आणि दुसरा अर्धवट. अशा प्रती पुसून टाकल्या तरी दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा हजर होतात, आणि ‘सी’ ड्राइव्हची पट्टी काही केल्या लाल रंगातून बाहेर येत नाही.

बेळगाव शहरातल्या आणि खानापूर, हुक्केरी, निपाणी या बाजूंच्या घरांतून मी हा बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की दारातून आत जाताना कानावर पडणारे पहिले वाक्यही आता पाठ झाले आहे: “मी काय सुद्धा केलो नाही बघा, आपल्या आपणच होतंय ते.” हे म्हणणे बहुतेक वेळा अर्धे खरे असते. संगणक स्वतःच्या मर्जीने प्रती काढत नाही. पण प्रत निघावी अशी आज्ञा त्याला घरातल्या माणसाने नकळत दिलेली असते, किंवा कधी काळी ‘होय’ म्हणून चालू केलेल्या एखाद्या सोयीने ती रोज दिली जात असते.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की कारण सापडेपर्यंत एकही फाइल पुसू नये. पावसाळ्यात कौल सरकले असताना खाली पातेली मांडत बसण्यात जसा अर्थ नसतो, तसाच येथेही नसतो. शिवाय घाईत पुसताना मूळ फाइल जाऊन प्रतच मागे राहण्याचा धोका वेगळा. पुढील तपासण्या मी सोप्या आणि बिनखर्चाच्या बाजूने सुरू करून अवघड बाजूकडे नेल्या आहेत. त्याच क्रमाने त्या कराव्यात, कारण माझ्या अनुभवात बहुतेक घरांचे उत्तर पहिल्या चार तपासण्यांतच मिळते.

तपासणी पहिली: फाइली खरोखर दोन आहेत का?

याला खर्च काही नाही आणि वेळ पाच मिनिटे. विंडोजमध्ये एकच फाइल अनेक वाटांनी दिसते. डाव्या पट्टीतील ‘क्विक ॲक्सेस’मध्ये, ‘लायब्ररी’मध्ये आणि शोधाच्या निकालात दिसणारी फाइल ही तीच फाइल असते, आणि डेस्कटॉपवरील बाणाचे चिन्ह असलेला शॉर्टकट हा तर केवळ पत्ता असतो. ही तपासणी आधी करण्याचे कारण गंभीर आहे. शॉर्टकट पुसल्याने काही बिघडत नाही, परंतु ‘लायब्ररी’मधून दुसरी प्रत समजून पुसलेली फाइल खरोखरच जाते, आणि मग दोन्हीकडून नाहीशी झाली म्हणून घरात गहजब होतो.

दुसरा आभास शेपटांमुळे होतो. विंडोज मुळात फाइलीच्या नावाचा शेवटचा भाग, म्हणजे तो कागद वर्डचा आहे की पीडीएफ आहे हे सांगणारी अक्षरे, लपवून ठेवते. त्यामुळे मुलाने तयार केलेला अर्ज आणि त्याच अर्जाची पीडीएफ या दोन वेगळ्या फाइली एकाच नावाने शेजारी बसलेल्या दिसतात. ‘व्ह्यू’ या यादीत जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ समोर खूण करावी. ही खूण कायम ठेवावी असे माझे मत आहे. पुढे विषाणूच्या तपासणीतही तिचा उपयोग होतो.

तपासणी दुसरी: नावाचे शेपूट वाचावे

प्रत कुणी काढली हे बहुतेक वेळा नावातच लिहिलेले असते, मात्र ते वाचण्याची सवय नसते. नावाच्या शेवटी ‘कॉपी’ हा शब्द असेल, तर प्रत त्याच फोल्डरमध्ये हाताने, म्हणजे माउसने किंवा कळफलकाने निघाली आहे. कंसातील आकडा १ पासून सुरू होत असेल, तर ती फाइल बहुधा ब्राउझरने पुन्हा उतरवली आहे; क्रोम आणि एज हे ब्राउझर कंसाआधी मोकळी जागा सोडतात, फायरफॉक्स सोडत नाही. कंसातील आकडा थेट २ पासून सुरू होत असेल, तर दुसरीकडून फाइल आणताना विंडोजने ‘दोन्ही ठेवू का’ असे विचारले होते आणि कुणीतरी होकार दिला होता. नावाला संगणकाचे नाव चिकटलेले असेल, म्हणजे ‘डेस्कटॉप’ आणि त्यापुढे काही अक्षरे-आकडे, तर ते वनड्राइव्हचे, म्हणजे फाइली इंटरनेटवरील खात्यात ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीचे काम असते. ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असे शब्द ड्रॉपबॉक्स ही तशीच दुसरी सोय लावते. कंसात तारीख, वेळ आणि ‘यूटीसी’ ही अक्षरे असतील, तर ती विंडोजच्या ‘फाइल हिस्टरी’ने जपून ठेवलेली जुनी आवृत्ती असते, आणि तिला हात लावू नये.

येथे एक इशारा ठळकपणे देतो, कारण त्याकडे दुर्लक्ष झाल्याने झालेले नुकसान मी पाहिले आहे. कंसातील आकड्याचा अर्थ नाव सारखे होते एवढाच असतो. मजकूर सारखा आहे असा त्याचा अर्थ होत नाही. काही संकेतस्थळे प्रत्येक कागद एकाच ठरीव नावाने देतात. निपाणीकडच्या एका कुटुंबाची जमीन कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंना होती, म्हणजे इकडचे पहाणी पत्रक आणि तिकडचा सातबारा असे दोन्ही उतारे त्यांना लागत. घरातल्या मुलाने चार वेगवेगळ्या सर्व्हे नंबरांचे उतारे एका बैठकीत उतरवले, त्या चारही फाइली एकाच नावाने आणि कंसातल्या आकड्यांनी साठल्या, आणि महिन्याभराने काकांनी “जास्तीच्या” तीन पुसून टाकल्या. कचरापेटीही रिकामी केली होती. उतारे पुन्हा काढता आले हे नशीब. तेथे घरचे जुने स्कॅन केलेले खरेदीखत असते, तर ते मिळाले नसते. म्हणून कंसातली प्रत्येक फाइल उघडून पाहावी, आणि ती वेगळी निघाली तर लगेच तिला नीट नाव द्यावे.

ती खरोखर सारखीच असेल, तर कारण बहुधा अगदी साधे असते. ‘डाउनलोड’वर टिचकी मारल्यावर इंटरनेट मंद असल्यामुळे काही घडल्यासारखे दिसत नाही, म्हणून माणूस पुन्हा आणि पुन्हा टिचकी मारतो. किंवा दहावीचे मार्क्स कार्ड, जातीचा दाखला, आधार हे कागद एकदा उतरवून कुठे ठेवले ते आठवत नाही, म्हणून दर अर्जाच्या वेळी नव्याने उतरवले जातात. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘फाइल कुठे ठेवायची ते दर वेळी विचारा’ ही सोय चालू केली की हा प्रकार निम्म्याहून अधिक थांबतो, कारण जतन करताना तेथे आधीची फाइल डोळ्यांसमोर येते.

तपासणी तिसरी: दोन तारखा

संशयित फाइलीवर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तेथे ‘क्रिएटेड’ आणि ‘मॉडिफाइड’ अशा दोन तारखा असतात. विंडोजमध्ये फाइलची प्रत काढली की प्रतीची ‘मॉडिफाइड’ तारीख मूळ फाइलीचीच राहते, पण ‘क्रिएटेड’ तारीख प्रत काढल्या क्षणाची पडते. त्यामुळे जन्माची तारीख बदलाच्या तारखेनंतरची असलेली विचित्र फाइल दिसली, तर ती बहुधा प्रत आहे असे समजावे, आणि ती केव्हा निघाली हेही त्याच वेळी कळते.

फोल्डर ‘डिटेल्स’ स्वरूपात उघडून ‘डेट क्रिएटेड’ हा रकाना जोडावा आणि त्यानुसार क्रम लावावा. सर्व प्रती एकाच मिनिटातल्या असतील, तर ती एकदाच झालेली चूक असते. रोज रात्री ठरावीक वेळेच्या आसपास त्या निघत असतील, तर मागे एखादा नियमित चालणारा प्रोग्रॅम असतो. आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी निघत असतील, तर त्या वेळी घरात कोण फोन जोडून बसते ते आठवावे. या एका रकान्याने माझा जितका वेळ वाचवला आहे तितका कोणत्याही विकतच्या साधनाने वाचवला नाही.

तपासणी चौथी: हात, माउस आणि कंट्रोलची कळ

‘कॉपी’ असे शेपूट असलेल्या प्रतींच्या मागे बहुतेक वेळा हेच असते, आणि घरातील ज्येष्ठ मंडळींच्या बाबतीत तर मी येथूनच सुरुवात करतो. कंट्रोलची कळ दाबून एकेक टिचकी मारत अनेक फाइली निवडता येतात हे पुष्कळांना माहीत असते. परंतु कंट्रोल दाबलेली असताना फाइल ओढली, तर विंडोज ती हलवत नाही, तिची प्रत काढते. दहा फोटो निवडताना अकराव्या टिचकीच्या वेळी हात किंचित सरकला की त्या सगळ्यांच्या प्रती त्याच फोल्डरमध्ये तयार होतात. हे निमिषात होते, आणि “मी काही केले नाही” हे सांगणारा माणूस येथे मनापासून बोलत असतो.

प्रती निघालेल्या त्याच क्षणी लक्षात आले, तर कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबाव्यात. प्रती मागे घेतल्या जातात. कायमचा उपाय म्हणजे ‘व्ह्यू’मधील ‘आयटम चेक बॉक्सेस’ ही सोय चालू करणे. मग कंट्रोलची गरज राहत नाही. फाइलीच्या कोपऱ्यातील चौकटीत खूण केली की ती निवडली जाते.

त्यानंतर कळफलक तपासावा. आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात, आणि चहा सांडलेल्या कळफलकावर तर बाराही महिने, कंट्रोलची कळ दाबल्यावर वर येत नाही. रिकाम्या फोल्डरमध्ये एक निरुपयोगी फाइल ठेवून ती कळफलकाला हात न लावता शेजारच्या फोल्डरमध्ये ओढावी. दोन्ही फोल्डर एकाच ड्राइव्हवर असतील तर फाइल हलली पाहिजे. ती मूळ जागीही राहिली, तर कंट्रोल अडकली आहे. शिफ्टची कळ सलग पाच वेळा दाबली गेल्यास ‘स्टिकी कीज’ ही सोय चालू होऊ शकते आणि तीत कंट्रोल एकदा दाबून सोडली तरी दाबल्यासारखी राहते, म्हणून सेटिंग्जमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये ती बंद असल्याची खात्री करावी. पेन ड्राइव्हवरून संगणकाकडे ओढलेल्या फाइलीची मात्र नेहमी प्रतच निघते, कारण तेथे ड्राइव्ह बदलतो. तो बिघाड नव्हे. फाइल हलवायचीच असेल तर शिफ्ट दाबून ओढावी.

माउसही झिजतो. त्याच्या डाव्या कळीखालचा छोटा स्विच खराब झाला की एका टिचकीच्या दोन टिचक्या होतात आणि ओढता ओढता फाइल मध्येच सुटते. शेजाऱ्यांचा माउस दोन दिवस लावून पाहावा. त्रास थांबला तर तीन-चारशे रुपयांचा नवा माउस हाच उपाय आहे, आणि येथपर्यंतचा सर्वांत मोठा खर्चही तोच.

तपासणी पाचवी: फोनमधून येणारे फोटो

एकच फोटो घरच्या संगणकावर तीन वाटांनी येतो: केबल जोडून, व्हॉट्सॲपमधून आणि गूगल फोटोजमधून. केबलने आणलेला फोटो मूळचा असतो. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दिसायला तोच असला तरी आकाराने लहान असतो, कारण व्हॉट्सॲप फोटो पाठवताना दाबून लहान करते आणि फोटो केव्हा, कुठे काढला ही आत लिहिलेली माहितीही काढून टाकते. त्यामुळे या दोन फाइली संगणकाच्या दृष्टीने सारख्या नसतात आणि दुबार फाइली शोधणारी साधी साधने त्यांना पकडत नाहीत. कोणती ठेवावी याचा नियम सोपा आहे: मोठ्या आकाराची आणि फोटो काढल्याची तारीख शाबूत असलेली ठेवावी. व्हॉट्सॲपच्या फाइलनावातील तारीख पुष्कळदा फोटो मिळाल्याची असते, लग्नाची नव्हे. यापुढे घरच्या घरी फोटो पाठवायचे असतील तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत. मग ते दाबले जात नाहीत.

केबलने फोटो घेताना दर वेळी संपूर्ण कॅमेरा फोल्डर उचलून नव्या फोल्डरात टाकण्याची सवय असेल, तर प्रती होणे अटळ आहे, कारण जानेवारीतले फोटो फेब्रुवारीत आणि मार्चमध्येही पुन्हा उतरतात. घरातल्या एकाच माणसाने, एकाच वाटेने फोटो उतरवावेत एवढे ठरवले तरी पुरे.

तपासणी सहावी: दोन रखवालदार, एक घर

हा भाग थोडा सावकाश वाचावा, कारण पुसलेल्या प्रती परत येण्याचे कारण बहुधा येथेच असते.

वनड्राइव्ह विंडोजसोबतच येते आणि संगणक नवा चालू करताना ‘बॅकअप’ला होकार दिला गेला, की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर ते आपल्या ताब्यात घेते. त्यांची जागा बदलून ते वनड्राइव्हच्या फोल्डरात जातात. पुढे मोफत मिळणारी ५ जीबी जागा भरली, सूचना येऊ लागल्या आणि कुणीतरी ही सोय बंद केली, तर ‘डॉक्युमेंट्स’ रिकामा दिसतो आणि फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरात राहिल्यासारख्या होतात. घाबरून त्या सगळ्या पुन्हा जुन्या जागी उतरवल्या जातात, आणि दोन ‘डॉक्युमेंट्स’ तयार होतात. त्यातच कुणी गूगल ड्राइव्हही बसवून तेच फोल्डर त्यालाही दाखवले असेल, तर एकाच घराला दोन रखवालदार होतात आणि एकाने बाहेर काढलेले दुसरा आत आणून ठेवतो.

तपासणी अशी करावी. घड्याळाशेजारच्या वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह अशा चिन्हांवर एकेक करून टिचकी मारावी आणि कोणते प्रोग्रॅम कोणते फोल्डर सांभाळत आहेत ते कागदावर लिहावे. एका फोल्डरसमोर दोन नावे आली तर कारण सापडले. त्यांतील एक निवडून दुसऱ्याचे त्या फोल्डरपुरते सिंक, म्हणजे संगणकावरील आणि खात्यातील फाइली सारख्या ठेवण्याचे काम, बंद करावे. कोणता ठेवावा हे प्रत्येकाने आपल्या सोयीने ठरवावे. गूगलची मोफत १५ जीबी जागा मोठी वाटते खरी, पण ती जीमेल आणि गूगल फोटोज यांच्यात मिळून असते.

सिंक चालू असताना प्रती पुसू नयेत. येथे पुसलेली फाइल फोनमधून, मुलाच्या लॅपटॉपमधून आणि खात्यातूनही पुसली जाते, कारण सिंक या सोयीचा अर्थच तो आहे. आधी सिंक थांबवावे, मग साफसफाई करावी, आणि चूक झालीच तर लगेच खात्याच्या संकेतस्थळावरील कचरापेटी पाहावी. वनड्राइव्हच्या घरगुती खात्यात आणि गूगल ड्राइव्हमध्ये पुसलेली फाइल ३० दिवस राहते, त्यानंतर राहत नाही.

नावाला संगणकाचे नाव चिकटलेल्या फाइली मात्र वेगळ्या कारणाने होतात. वडिलांनी दुकानाचा हिशेब घरच्या संगणकावर उघडा ठेवला, तोच हिशेब मुलाने लॅपटॉपवर बदलला, आणि मध्ये वीज किंवा इंटरनेट गेले. परत जोडणी झाल्यावर वनड्राइव्हपुढे एकाच फाइलच्या दोन बदललेल्या आवृत्त्या येतात. कोणती खरी हे त्याला ठरवता येत नाही, म्हणून ते दोन्ही ठेवते. ही सावधगिरी योग्यच आहे. अशा फाइली कधीही डोळे झाकून पुसू नयेत. दोन्ही उघडून, नोंदी एकत्र करून मगच एक ठेवावी.

तपासणी सातवी: घड्याळ

संगणक चालू केल्यावर तारीख काही वर्षे मागे गेलेली दिसते का? तसे असेल तर मदरबोर्डवरील, म्हणजे संगणकाच्या आतल्या मुख्य पाटीवरील, नाण्याएवढी सीआर २०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी संपली आहे. मुख्य स्विच बंद केल्यावर किंवा वीज गेल्यावर घड्याळ याच बॅटरीवर चालते. घड्याळ चुकले की बॅकअपच्या प्रोग्रॅमला नवी फाइल कोणती आणि जुनी कोणती हे उलटेपालटे दिसते आणि तो त्याच फाइली पुन्हा उतरवू शकतो. बॅटरी स्वस्त असते, घड्याळाच्या दुकानातही मिळते, आणि डेस्कटॉप संगणकात ती वीज पूर्ण बंद करून घरी बदलता येते. लॅपटॉप मात्र उघडू नये. ते काम दुकानात द्यावे.

तपासणी आठवी: पेन ड्राइव्हवरील बॅकअप

लहान पेन ड्राइव्ह बहुधा फॅट ३२ या पद्धतीने आखलेले (फॉरमॅट केलेले) असतात. या पद्धतीत फाइल बदलल्याची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांनी लिहिली जाते, तर संगणकाच्या एनटीएफएस पद्धतीने आखलेल्या डिस्कवर ती कितीतरी बारीक असते. काही बॅकअप प्रोग्रॅम या एखाद्या सेकंदाच्या फरकावरून न बदललेली फाइलही बदललेली समजतात आणि पुन्हा उतरवतात. जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय चालू असेल तर दोन्ही साठतात. पेन ड्राइव्ह एक्सफॅट या पद्धतीने आखला तर हा त्रास बहुधा जातो. पण आखताना त्यावरील सर्व काही पुसले जाते, म्हणून आधी ते दुसरीकडे ठेवावे. दुसरा प्रकार अधिक हास्यास्पद आहे आणि अधिक जागा खातो: बॅकअपचा फोल्डर त्याच फोल्डरात ठेवलेला असतो ज्याचा बॅकअप घेतला जातो. मग दर आठवड्याला जुना बॅकअप नव्या बॅकअपच्या पोटात जातो.

तपासणी नववी: देवनागरी नावांचा चकवा

एकाच फोल्डरमध्ये अक्षराक्षराने सारख्या नावाच्या दोन फाइली असूच शकत नाहीत, आणि तरीही मला त्या एका शिक्षकांच्या संगणकावर सापडल्या. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाच्या त्या दोन फाइली होत्या. ‘ऱ्या’मधला तो अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: ऱ हे वेगळे अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसते, पण संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात. फोनवरील कळफलकाने एका प्रकारे आणि संगणकावरील कळफलकाने दुसऱ्या प्रकारे लिहिले गेले, की जुन्या फाइलीवर जतन होण्याऐवजी नवी फाइल जन्माला येते. ‘ॲडमिशन’मधल्या पहिल्या अक्षराचेही असेच आहे, ते युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आले, त्याआधी अ वर चंद्र देऊनच लिहिले जात असे, आणि आजही दोन्ही चालतात.

उपाय म्हणजे नाव पुन्हा न टंकता ‘सेव्ह ॲज’च्या खिडकीत आधीच्या फाइलीवर टिचकी मारणे. सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. शहराचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदलले, आणि तेव्हापासून कित्येक घरांत जुन्या कागदांचा ‘बेळगाव’ आणि नव्या कागदांचा ‘बेळगावी’ असे दोन फोल्डर नांदत आहेत. एकाच जमिनीचा कागद आजोबा ‘उतारा’, वडील ‘पहाणी’ आणि नातू ‘आरटीसी’ या नावाने जतन करतो. येथे यंत्राचा दोष नाही. घराने एक नाव ठरवून घ्यावे. शिवाय श्रीलिपी या टंकन साधनात लिहिलेला मराठी अर्ज, नुडी या साधनात लिहिलेला कन्नड अर्ज आणि त्यांच्या युनिकोड प्रती या दुबार नव्हेत, त्या ठेवाव्यात.

तपासणी दहावी: विषाणू

झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावून आणल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर हे आधी पाहावे. प्रत्येक फोल्डरच्या आत त्याच फोल्डरच्या नावाची, फोल्डरचेच चित्र असलेली एक गोष्ट दिसते. ‘टाइप’ या रकान्यात तेथे ‘ॲप्लिकेशन’ असे लिहिलेले असेल आणि अशा सगळ्यांचा आकार अगदी सारखा असेल, तर तो फोल्डर नसून विषाणूची प्रत आहे. त्यावर दोनदा टिचकी मारू नये. इंटरनेट काढावे, ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘फुल स्कॅन’ चालवावे, आणि तरी प्रती परत आल्या तर तेथलेच ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावे. ते विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासते, म्हणून विषाणूला लपणे अवघड जाते. खरे फोल्डर बहुधा लपवलेले असतात, गेलेले नसतात. संगणक अजून विंडोज १० वर असेल तर हेही लक्षात घ्यावे की त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

साफसफाई

कारण थांबल्यानंतर एक आठवडा वाट पाहावी. नवी प्रत उगवली नाही, तरच साफसफाईला हात घालावा, आणि त्याआधी सर्व फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. प्रती कमी करण्यासाठी आधी आणखी प्रत घ्यायची हे ऐकून लोक हसतात, हसू द्यावे.

दोन फाइली तंतोतंत सारख्या आहेत का हे नावावरून किंवा आकारावरून पक्के होत नाही. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजमधील आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, ‘गेट फाइलहॅश’ ही आज्ञा (मधली मोकळी जागा काढून आणि तेथे आडवी रेघ देऊन, इंग्रजी अक्षरांत) दिली की फाइलीतील मजकुरावरून काढलेला लांबलचक ठसा मिळतो. दोन ठसे सारखे असतील तरच फाइली सारख्या. शेकडो फाइली असतील तर डुपगुरू हे मोफत साधन वापरावे. त्यात तुलना नावाने न करता मजकुराने करण्याचा पर्याय निवडावा, आणि जो फोल्डर मूळचा मानायचा आहे त्याला ‘रेफरन्स’ ठरवावे, म्हणजे त्यातील फाइल त्या साधनाकडून पुसली जात नाही. फोटोंसाठी वेगळी पद्धत आहे, ती दिसण्यातील साम्य ओळखते. पण एकामागोमाग काढलेले दोन फोटोही तिला एकच वाटू शकतात, म्हणून तेथे प्रत्येक जोडी डोळ्यांनी पाहावी. निवडलेल्या प्रती थेट न पुसता एका वेगळ्या फोल्डरात महिनाभर ठेवाव्यात.

हे सारे फक्त आपल्या स्वतःच्या कागदांपुरते आणि फोटोंपुरते करावे. ‘विंडोज’, ‘प्रोग्रॅम फाइल्स’ आणि ‘ॲपडेटा’ या फोल्डरांत सारख्या फाइली असतातच. तेथील काही तर एकच फाइल दोन नावांनी दाखवलेल्या असतात आणि त्या पुसून जागाही मोकळी होत नाही. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचे नुसत्या आकड्यांच्या नावांचे फोल्डरही असेच सारखे दिसतात. प्रत्येकात वेगळी कंपनी किंवा वेगळे वर्ष असू शकते.

कोठे थांबावे

डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, पूर्वी उघडणाऱ्या फाइली आता उघडत नसतील, किंवा साधी फाइल उतरवायला संगणक मिनिटे घेत असेल, तर त्या क्षणी थांबावे आणि संगणक बंद करावा. अशा डिस्कवर साफसफाईचे साधन चालवणे म्हणजे तिला संपूर्ण वाचायला लावणे, आणि तीच शेवटची वेळ ठरू शकते. फाइलींच्या नावांना अनोळखी शेपटे लागली असतील आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसत असेल, तर इंटरनेटची तार काढावी, बाहेरची डिस्क जोडू नये आणि जाणकाराला बोलवावे. ज्याची दुसरी प्रत कोठेही नाही असे काही पुसले गेले असेल, तर त्या संगणकावर नवे काहीही, अगदी परत मिळवण्याचे साधनसुद्धा, उतरवू नये. नवी फाइल जुन्या फाइलीच्या जागी लिहिली जाते. दुकानाचा हिशेब किंवा वकिलाचे कागद दोन आवृत्त्यांत फुटले असतील, तर संगणकवाल्याबरोबर हिशेब जाणणाराही बसला पाहिजे, कारण कोणती नोंद खरी हे आम्हाला ठरवता येत नाही.

दुरुस्तीवाल्याला बोलावल्यावर “फॉरमॅट मारूया” हा सल्ला पहिल्या पाच मिनिटांत आला, तर त्याला थांबवावे. फॉरमॅटने प्रती जातील, मूळही जाईल, आणि त्याच खात्याने पुन्हा प्रवेश केल्यावर सिंक त्याच प्रती परत उतरवेल. त्याला एक कागद द्यावा: पहिली प्रत कोणत्या तारखेला दिसली, नावाचे शेपूट काय होते, ‘क्रिएटेड’ची वेळ कोणती होती, सिंक करणारे कोणकोणते प्रोग्रॅम चालू आहेत आणि वरीलपैकी कोणत्या तपासण्या झाल्या आहेत. खात्याचा पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहू नये. लागेल तेव्हा तो आपण स्वतः बसून टंकावा.